जुन्या रिव्हॉल्व्हरची नळी: झिजलेली की नुसती मळलेली?

परवानाधारकांमध्ये जुन्या रिव्हॉल्व्हरला आजही मोठी मागणी आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करणे जवळजवळ अशक्य झाले. तेव्हापासून देशात आधीच असलेली वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन हातोहात फिरत राहिली. कानपूरच्या आयुध निर्माणीची बत्तीस बोअरही वापरलेली मिळते. असे शस्त्र हाती आले की पहिली तक्रार नळीची असते आणि पहिला सल्लाही नळीबद्दलचाच मिळतो. त्यातले बरेच सल्ले चुकीचे असतात आणि त्यापायी वाचू शकणारी नळी कायमची जाते.

गैरसमज १: नळी आतून काळी आणि खरखरीत आहे, म्हणजे गोळ्या झाडून ती झिजली आहे.

वस्तुस्थिती: बत्तीस बोअरची शिशाची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगाने जाणारे मऊ शिसे पोलादाला सहजासहजी झिजवत नाही. शिवाय परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, त्यामुळे बहुतेक खासगी रिव्हॉल्व्हर फारशी चाललेलीच नसतात. नळीचा खरा शत्रू गंज आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की मागे क्षार उरतो आणि तो हवेतला ओलावा ओढून घेतो. बार काढून तसेच कपाटात ठेवलेले शस्त्र कोकणातल्या एका पावसाळ्यातही आतून गंजू शकते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून पूर्वीचे जाणकार नळी आधी गरम पाण्याने धूत, ठणठणीत कोरडी करत आणि मगच तेल लावत.

गैरसमज २: घासून चकचकीत केली की नळी नव्यासारखी होते.

वस्तुस्थिती: नळीच्या आत पिळाचे चर कोरलेले असतात. वेब्लीत ते सात असतात. चरांमधल्या उंचवट्यांच्या धारदार कडा गोळीला पकडतात आणि फिरकी देतात. एमरी पेपर किंवा व्हॉल्व्ह घासायची पेस्ट फिरवली की आधी याच कडा गोल होतात आणि पाठोपाठ नळीचा व्यास वाढतो. आरशासारख्या चमकणाऱ्या नळीतही गोळी सैल जाऊ शकते.

घासण्याआधी नीट पाहावे. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, सिलिंडर काढावा, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर उजेड पाडावा आणि पुढच्या तोंडातून पाहावे. मागच्या तोंडाजवळ, म्हणजे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते तिथे, चरांत राखाडी खपल्या दिसल्या तर ते चिकटलेले शिसे असते. ते सॉल्व्हंट आणि ब्रॉन्झच्या ब्रशने निघते. दोन-चार दिवस सॉल्व्हंट लावून ठेवत, धीराने साफ केल्यावर ‘झिजलेल्या’ नळीत चर पुन्हा स्वच्छ उमटलेले अनेकदा दिसतात. खपल्यांखाली खड्डे निघाले तर तो गंजाचा घाव असतो, तो भरून येत नाही. पण कडा शाबूत असतील तर थोडेफार खड्डे असलेली नळीही समाधानकारक काम देते.

गैरसमज ३: नेम चुकतो, म्हणजे दोष नळीचाच.

वस्तुस्थिती: घोडा पडताना सिलिंडरचे घर नळीच्या बरोबर समोर आले नाही, तर गोळीची एक बाजू सोलली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हा दोष यंत्रणेचा असतो. सिलिंडर आणि नळी यांमधली फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी. ती वाढली की गोळीमागचा दाब वाया जातो. चुकीच्या मापाच्या गोळीनेही नेम बिघडतो. नळीच्या पुढच्या तोंडाची कड लोखंडी गजाने खरवडली गेली असेल तरी तेच होते. नळी खरोखर गेल्याची खूण कागदी लक्ष्यावर दिसते: गोळी आडवी होऊन लागते आणि भोके लांबट पडतात.

गैरसमज ४: नळी खराब असेल तर दुसरी बसवता येते.

वस्तुस्थिती: ते बनावटीवर अवलंबून आहे. स्मिथ अँड वेसन किंवा कोल्टच्या अखंड चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आट्यांनी बसवलेली असते. तिथे योग्य नळी मिळाली तर कुशल कारागीर ती बदलू शकतो. मधून मोडून उघडणाऱ्या वेब्लीत नळी आणि वरची पट्टी एकसंध असते. कानपूरची बत्तीस बोअरही वेब्लीच्याच घडणीवर बेतलेली आहे. अशा शस्त्रात नळी बदलायची म्हणजे जवळजवळ अर्धे शस्त्र बदलायचे.

गैरसमज ५: वेल्डिंग किंवा मुलामा देऊन नळी भरून काढता येते.

वस्तुस्थिती: मुलाम्याचा पातळ थर गेलेले चर परत आणत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाची घडण बिघडते, आणि हेच पोलाद प्रत्येक बाराला दाब सोसत असते. नळी मोठी करून आत चर पाडलेली नवी पोलादी अस्तरनळी बसवणे ही मान्य पद्धत आहे. पण ते काम सुसज्ज कारखान्यातच होते, आणि त्यानंतर वाढीव दाबाच्या काडतुसाने शस्त्राची चाचणी घ्यावी लागते. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ पासून शस्त्रांची अशी दाबचाचणी घेत आले आहे. नळीत कुठेही गडद कडे दिसले तर तो फुगवटा असू शकतो. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली की असा फुगवटा येतो. अशा शस्त्रातून एकही बार काढू नये.

गैरसमज ६: लेथचे काम येणारा कोणीही हे करून देईल.

वस्तुस्थिती: स्वतःच्या शस्त्राची साफसफाई मालकाने करावी. दुरुस्ती मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना असलेल्यानेच करायची असते. २०१९च्या सुधारणेनंतर विनापरवाना दुरुस्तीला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे हा वेगळा गुन्हा आहे, म्हणून पॉलिश करून घेतानाही त्या जागेला हात लागू देऊ नये.

जुने रिव्हॉल्व्हर घेताना परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात सिलिंडर काढून, नळी साफ करूनच पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेता ‘आताच पॉलिश केली आहे’ म्हणाला तर अधिक बारकाईने पाहावे. गेलेले पोलाद परत येत नाही, म्हणून कडा शाबूत असलेली, थोडे डाग असलेली नळी निवडावी आणि घासून गुळगुळीत केलेली नळी किंमत कमी असली तरी सोडून द्यावी.