अलास्का क्रूझची बॅग: जाड कोट एक नको, पातळ थर तीन हवेत

अलास्का क्रूझचं बुकिंग झालं की घरात पहिली चर्चा जॅकेटची होते. 'बर्फात जायचंय' म्हणून कोणी गुडघ्यापर्यंतचा कोट विकत आणतं, कोणी मनालीच्या सहलीचे बूट माळ्यावरून काढतं आणि अर्धी बॅग या दोनच वस्तूंनी भरून जाते. प्रत्यक्षात क्रूझचा हंगाम असतो मे ते सप्टेंबर. या दिवसांत जूनो, स्कॅगवे, केचिकन या बंदरांवर दिवसाचं तापमान साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस असतं. डिसेंबरमध्ये इंदूर किंवा नाशिकला सकाळी असते तेवढीच ही थंडी.

तरीही अनेक जण तिथे कुडकुडतात. कारण अलास्काची उन्हाळी थंडी बर्फाची कमी आणि वाऱ्या-पावसाची जास्त असते. ही एक गोष्ट लक्षात घेतली, तर बॅग हलकी होते आणि सहलही मनासारखी होते.

या सहलीवर बरीच बचत खर्च होते आणि ती बहुधा एकदाच होते. तिचा सर्वात मोलाचा दिवस असतो हिमनदीचा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. तिथे कोणी किनाऱ्यावर उतरत नाही, जे पाहायचं ते जहाजावरूनच. सुमारे दीड किलोमीटर रुंदीच्या मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो आणि मग त्याचा गडगडाट कानावर येतो. हे पाहायला उघड्या डेकवर तासभर तरी उभं राहावं लागतं. कपडे चुकले तर दहा मिनिटांत आत जावं लागतं आणि उरलेली हिमनदी काचेतून बघावी लागते.

थंडी नेमकी कशी असते?

जहाज चालू असलं की वारा नसतानाही डेकवर वारा लागतो. जहाज ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर समोरून तेवढाच वारा अंगावर येतो. हवेचं तापमान ५ अंश असेल, तर अशा वाऱ्यात उघड्या त्वचेला ते शून्य अंशासारखं जाणवतं. त्यात हिमनदीवरून थंड, जड हवा खाली घसरत येते, म्हणून हिमनदीचा दिवस बंदरांच्या दिवसांपेक्षा बराच गार असतो.

दुसरा प्रश्न पावसाचा. केचिकनला वर्षभरात मुंबईपेक्षाही जास्त पाऊस पडतो. मात्र तो मुंबईसारखा कोसळत नाही, दिवसभर भुरभुरत राहतो. मे आणि जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, तर सप्टेंबरपर्यंत पाऊस वाढत जातो. बुकिंग ऑगस्ट-सप्टेंबरचं असेल, तर पावसाच्या कपड्यांवर थोडा जास्त खर्च करा.

शिमला-मनालीची कोरडी थंडी वेगळी. तिथे जाड स्वेटर पुरतो. इथे तोच स्वेटर भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही.

तीन थरांचं गणित

पहिला थर, अंगाला लागून : पूर्ण बाह्यांचा थर्मल टॉप आणि थर्मल पायजमा. तो मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक कापडाचा असावा. सुती बनियन टाळा. सूत घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि ओलं सूत अंग गार करतं. सात रात्रींसाठी दोन जोड पुरतात.

दुसरा थर, ऊब देणारा : फ्लीसचं जॅकेट किंवा हलका लोकरी स्वेटर. जास्त थंडी वाजणाऱ्यांनी याच्या जोडीला घडी होऊन मुठीत मावणारं पातळ पफर जॅकेट घ्यावं. घरातला चांगला लोकरी स्वेटर असेल, तर नवीन खरेदी नको.

तिसरा थर, वारा-पाणी अडवणारा : टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट. सगळ्यात जास्त पैसे याच वस्तूवर खर्च करा. आपला पावसाळी रेनकोट पाणी अडवतो, पण त्यात आतून घाम साचतो. ट्रेकिंगच्या दुकानात घामाची वाफ बाहेर सोडणारी वॉटरप्रूफ जॅकेट मिळतात, तशी घ्या. जॅकेट एक माप मोठं असावं, म्हणजे आतले दोन्ही थर आरामात मावतात. जोडीला जीन्सवरून चढवता येईल अशी वॉटरप्रूफ पँट घ्या. भिजलेली जीन्स दुसऱ्या दिवशीही ओली राहते.

थरांचा खरा फायदा दिवसभरात कळतो. सकाळी डेकवर तिन्ही थर, दुपारी जूनोच्या रस्त्यावर ऊन पडलं की दोनच आणि जहाजाच्या आत गेल्यावर एकच. स्कॅगवेहून व्हाइट पास रेल्वे समुद्रसपाटीवरून निघून साधारण ८७० मीटर उंचीपर्यंत चढते. तिच्या डब्याबाहेरच्या उघड्या सज्जात उभं राहायचं असेल, तर बाजूला काढलेला थर पुन्हा हाताशी हवाच.

कान, हात आणि पाय

कान झाकणारी लोकरी टोपी प्रत्येकाला हवी. आपली कानटोपी इथे अगदी उत्तम. छत्री मात्र डेकवर वाऱ्याने उलटी होते. तिच्यापेक्षा जॅकेटची टोपी भरवशाची. मफलरचं टोक वाऱ्यात उडतं, त्यामुळे गळ्यात घालायची नळीसारखी पट्टी सोयीची पडते.

हातमोज्यांचे दोन जोड घ्या. एक पातळ, ज्याने मोबाइलचा स्क्रीन चालतो आणि दुसरा त्यावर चढणारा वॉटरप्रूफ. एक जोड भिजला तरी दुसरा कामाला येतो.

बर्फाचे जड बूट लागत नाहीत. वॉटरप्रूफ आणि चांगली पकड असलेले चालायचे बूट पुरतात. केचिकनची क्रीक स्ट्रीट तर ओढ्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी वाट आहे. पावसात ती निसरडी होते. बूट घेताना लोकरी मोजे घालूनच माप बघा. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्ताभिसरण कमी होतं आणि पाय आणखी गार पडतात.

आजी-आजोबा आणि मुलं

साडी नेसणाऱ्यांनी आतून थर्मलचा पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा थर्मल टॉप घालावा. डेकवर आणि बोटीत चढता-उतरताना मात्र साडीपेक्षा सलवार किंवा पँट सुरक्षित. वाऱ्याने पदर उडतो आणि ओल्या पायऱ्यांवर निऱ्या पायात येतात. शाल जरूर घ्या, पण ती जहाजाच्या आतल्या एसीसाठी.

ज्येष्ठांना थंडी उशिरा कळते आणि ते बोलूनही दाखवत नाहीत. 'थंडी वाजतेय का?' असं विचारण्यापेक्षा त्यांचे हात हातात घेऊन बघा. बोटं गार लागली की आत न्या, गरम काही प्यायला द्या आणि पुन्हा बाहेर आणा. दमा किंवा हृदयविकार असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

लहान मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात. मुलांसाठी मोजे, हातमोजे आणि पँट यांचा एक जोड जास्तीचा घ्या. जहाजांवर गरम पाण्याचे पूल असतात, म्हणून पोहण्याचे कपडे विसरू नका. ते नसले तर मुलं रुसतील हे नक्की.

उन्हाची आणि उजेडाची तयारी

थंडीच्या सहलीत गॉगल आणि सनस्क्रीन कशाला, असं वाटेल. पण पाणी आणि बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने चेहरा करपतो. लिप बाम आणि मॉइश्चरायझर घ्या. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे ते बाटलीतून निघणार नाही. त्याऐवजी पेट्रोलियम जेलीची डबी न्या.

जूनमध्ये जूनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आसपास उगवतो. हलकी झोप असणाऱ्यांनी डोळ्यांवरची पट्टी घ्यावी. जमिनीवरच्या सहलींसाठी डास पळवणारं क्रीमही ठेवा. अलास्कात उन्हाळ्यात डास भरपूर असतात.

हातातल्या बॅगेत काय?

बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडे द्याव्या लागतात. त्या खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात, कधीकधी संध्याकाळ होते. तोपर्यंत लागणारं सगळं हातातल्या बॅगेत हवं : पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, मोबाइलचा चार्जर, मुलांचा एक कपड्यांचा जोड आणि वॉटरप्रूफ जॅकेट. जहाज बंदरातून निघताना सगळे डेकवर जमतात. तेव्हा जॅकेट मोठ्या बॅगेत अडकलेलं नको.

व्हिसाचं काम कपड्यांच्याही आधीचं. जहाज व्हँकुव्हरहून निघत असेल, तर भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचे व्हिसा लागतात. सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजंही वाटेत कॅनडाच्या बंदरावर थांबतात. म्हणून बुकिंगच्या वेळीच मार्ग नीट तपासा आणि एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, तेही बघा.

आतल्या सामुद्रधुनीत पाणी बरंचसं शांत असतं. उघड्या समुद्रात मात्र जहाज हलतं. उलटीवरची गोळी कोणती घ्यायची, हे घरच्या डॉक्टरांना आधीच विचारा. विमा घेताना जहाजावरचे उपचार आणि आजारी माणसाला किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पाहा.

काय नेऊ नये?

आपल्याकडच्या प्रवासातल्या नेहमीच्या काही वस्तू जहाजावर चालत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती आणि निरांजन यांना आगीच्या भीतीने मनाई असते. बऱ्याच जहाजांवर सर्ज प्रोटेक्टर असलेले एक्स्टेंशन बोर्डही काढून घेतात.

बेसनाचे लाडू आणि घरचं लोणचं सोबत न्यायचा मोह होतो. बहुतेक कंपन्या घरी केलेले पदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, कारखान्यातली सीलबंद पाकिटं मात्र चालतात. जहाजावरून बंदरावर फळं किंवा मांसाचे पदार्थ नेणंही टाळा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल, तर काही आठवडे आधी कळवलं की अनेक जहाजांवर तशी सोय होते.

मोबाइल, दुर्बीण आणि बाकी छोट्या वस्तू

दुर्बीण घरटी एक तरी हवीच. हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात इथे खाण्यासाठी येतात आणि बहुतेक वेळा लांबूनच दिसतात. ८ पटींची दुर्बीण हलत्या जहाजावर धरायला सोपी जाते. जास्त पटींच्या दुर्बिणीत हात थरथरला की चित्रही थरथरतं.

थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या थराच्या खिशात ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यायची असते. जहाजावर मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर सागरी नेटवर्कचं मोठं बिल येतं. खोलीत बहुधा ११० व्होल्टचे अमेरिकी पद्धतीचे सॉकेट असतात, त्यामुळे अडॅप्टर लागेल. चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर तो चालतो. फक्त २३० व्होल्टचा हेअर ड्रायर घरीच ठेवा.

जहाजातल्या खोल्यांच्या भिंती बहुतेक वेळा लोखंडी असतात. लोहचुंबकाचे चार हुक नेले, तर ओली जॅकेट टांगायची सोय होते. छोट्या खोलीत चौघांचे कपडे वाळवायचे म्हटले की त्यांची किंमत कळते.

एका व्यक्तीची यादी (७ रात्री)

• थर्मल : २ जोड
• फ्लीस किंवा स्वेटर : १, पातळ पफर : १
• वॉटरप्रूफ जॅकेट : १, वॉटरप्रूफ पँट : १
• टी-शर्ट किंवा कुर्ते : ५, पँट : ३
• लोकरी मोजे : ४ जोड, हातमोजे : २ जोड
• कानटोपी : १, गळ्याची पट्टी : १
• वॉटरप्रूफ बूट : १ जोड, जहाजात घालायच्या चपला किंवा सँडल : १ जोड
• रात्रीच्या खास जेवणासाठी साडी, सूट किंवा बंदगळा : १
• पोहण्याचे कपडे, गॉगल, सनस्क्रीन, लिप बाम
• पाठीवरची छोटी बॅग आणि दोन-तीन झिपच्या पिशव्या

निघण्याआधी घरीच तपासा

जॅकेट घालून पाच मिनिटं शॉवरखाली उभं राहा. शिवणीतून पाणी आत आलं, तर जॅकेट बदलायला अजून वेळ असतो. मग तिन्ही थर एकावर एक चढवून हात वर करा, वाका, जिना चढा. आजीला स्वतःची चेन लावता येते का, मुलांना हातमोजे स्वतः घालता येतात का, तेही बघा. बूट निदान दोन आठवडे रोज वापरा.

एवढी तयारी झाली की बॅगेत जागाही उरते आणि हिमनदीच्या दिवशी डेकवर घरातलं प्रत्येक माणूस शेवटपर्यंत तुमच्या शेजारी उभं राहतं.