‘कॅन्टोन्मेंट’मधला क

बंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट भागाला कन्नडमध्ये ‘दंडु’ म्हणतात, म्हणजे सैन्य. १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणची ब्रिटिश फौज इथे हलवली गेली. इंग्रजांनी या छावणीला लावलेलं नाव मात्र मुळात फ्रेंच. फ्रेंचमधलं ‘कांतोन्मां’ म्हणजे सैनिकांना गावातल्या घरांत तात्पुरतं उतरवणं. भारतात ते तात्पुरतेपण गळालं, फौजा कायमच्या वसल्या आणि शब्दही.

या शब्दाच्या पोटात ‘कांतों’ आहे: कोपरा, पुढे जमिनीचा तुकडा. स्वित्झर्लंडचे २६ कँटन ते हेच. इटालियन आणि पोर्तुगीजमध्ये ‘कांतो’ म्हणजे कोपरा. आणखी मागे लॅटिन ‘कांथुस’ सापडतो, म्हणजे गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव. रोमनांनी तो बहुधा केल्टिक लोकांकडून उचलला. चीनमधल्या कँटन शहराचा याच्याशी काही संबंध नाही. ते ग्वांगडोंगचं पोर्तुगीजांच्या तोंडी झालेलं रूप.

‘कांतों’ कुठून आला याचा खरा पुरावा आहे तो सुरुवातीच्या ‘क’मध्ये. लॅटिनमधल्या ‘का’चा पॅरिसकडच्या बोलीत आधी ‘च’ आणि मग ‘श’ झाला. ‘कांपुस’चं, म्हणजे मैदानाचं, ‘शां’ झालं. इंग्रजीने ‘चीफ’ आधी घेतला, ‘शेफ’ कित्येक शतकांनी; मूळ शब्द एकच, लॅटिन ‘कापुत’, डोकं. या नियमाने ‘कांतों’चं ‘शांतों’ व्हायला हवं होतं. ते झालं नाही, कारण हा शब्द पॅरिसचा नव्हेच. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेतून तो उसना आला. पुण्याच्या ‘कॅम्प’मधला ‘क’ही असाच शेजारून आलेला.

पण ‘क’चा ‘च’ होतोच कसा? ‘कू’ आणि ‘की’ एकामागोमाग म्हणून पाहा. ‘की’ला जीभ टाळूवर पुढे सरकते. तिथून ‘ची’ फार लांब नाही, आणि हे काही फ्रान्सपुरतं नाही. बंगळुरूतल्याच हलसूरच्या तलावाला कन्नड माणूस ‘केरे’ म्हणतो. त्याचाच तेलुगू भाऊबंद ‘चेरुवु’. कानाला कन्नडमध्ये ‘किवि’, तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चेवि’. फ्रेंचमध्ये बदल ‘आ’पुढे झाला, इथे ‘इ’ आणि ‘ए’पुढे. कन्नडने जुना ‘क’ जपला.

अशा शब्दांची धीराने तुलना करूनच मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ मध्ये दाखवून दिलं, की तमिळ, तेलुगू आणि कन्नड एकाच कुळातल्या आहेत आणि ते कूळ संस्कृतातून निघालेलं नाही. तेव्हा बंगळुरूची छावणी सात वर्षांची होती.