चित्रनलिकेचे क्रमवीक्षण-संरक्षण

चित्रनलिकेचे क्रमवीक्षण-संरक्षण म्हणजे दूरचित्रवाणी संचातील इलेक्ट्रॉन शलाकेची हालचाल थांबताच ती शलाका बंद करणारी विद्युत् मंडलयोजना होय. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून सपाट पडदे येईपर्यंत महाराष्ट्रात घरोघरी चित्रनलिकेचेच संच होते आणि चित्रनलिका हा त्यांतील सर्वांत महाग भाग असे.

भारतातील ६२५ रेषांच्या पद्धतीत शलाका सेकंदाला १५,६२५ वेळा आडवी व ५० वेळा उभी फिरते. त्यामुळे तिची ऊर्जा साऱ्या पडद्यावर विखुरते. उभे विचलन बंद पडल्यास तीच ऊर्जा मध्यावरच्या एका लखलखीत आडव्या रेषेत एकवटते आणि तेथील फॉस्फरचा थर करपतो. हा डाग कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. आडवे विचलन बंद पडल्यास सहसा भीती नसते, कारण नलिकेला लागणारा हजारो व्होल्टचा दाब त्याच मंडलाच्या रोहित्रातून मिळतो. तो गेला की शलाकाही विझते. केवळ विचलन वेटोळ्याची तार तुटली, तर मात्र दाब टिकून उभी रेषा उमटू शकते.

याहून घातक बिघाड डोळ्यांना दिसत नाही. उभ्या विचलनाची आयसी जळून वेटोळ्यातून एकाच दिशेने मोठा प्रवाह वाहू लागला, तर शलाका पडद्याऐवजी नलिकेच्या मानेवर आदळते. पडदा काळा दिसतो, पण आत काच तापत असते; ती तडकली की निर्वात नाहीसा होऊन नलिका कायमची निकामी होते.

संरक्षक मंडल उभ्या विचलनाच्या परतीच्या स्पंदांवर लक्ष ठेवते. हे स्पंद एका धारित्रावर दाब टिकवून ठेवतात. ते थांबले की दाब उतरतो व ट्रान्झिस्टर चित्रसंकेत दाबून टाकतो किंवा नलिकेची जाळी अधिक ऋण करतो. पुढील काळात ही सोय ‘व्हर्टिकल गार्ड’ या नावाने आयसीतच अंतर्भूत झाली.

संच बंद करतानाही हाच धोका असतो. विचलन थांबते, पण ऋणाग्र काही काळ तप्त राहतो आणि नलिकेच्या काचेवरील लेपांत विद्युत्‌भार साठलेला असतो. परिणामी मध्यभागी तेजस्वी ठिपका उमटतो. वीज वरचेवर जाई तेथे तो त्याच जागी पुन्हा पुन्हा पडे. त्यावर उपाय म्हणून जाळी काही क्षण तीव्र ऋण ठेवतात, किंवा विचलन चालू आहे तोवरच शलाका जोराने सोडून साठलेला भार संपवतात.

काही रंगीत संचांत दुरुस्तीसाठी उभे विचलन मुद्दाम थांबवणारा स्विच असे. तो वापरून कारागीर रेषा जेमतेम दिसेल इतक्या मंद तेजावर तिन्ही रंगांच्या शलाकांचा समतोल साधत.