विमानाच्या तिकिटावरचा सरकारी वाटा

एप्रिल २००९ मध्ये मुंबई विमानतळाच्या नूतनीकरणाला पैसा कमी पडत होता. त्यावर तोडगा निघाला तो प्रवाशांच्या खिशातून. केंद्र सरकारच्या एका पत्राच्या आधारे देशांतर्गत उड्डाण करणाऱ्या प्रत्येकाकडून १०० रुपये आणि परदेशी जाणाऱ्याकडून ६०० रुपये 'विकास शुल्क' घ्यायला सुरुवात झाली. दिल्लीत हाच आकडा २०० आणि १३०० होता. एका ग्राहक संस्थेने याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. हे शुल्क प्रवाशाला मिळालेल्या सेवेचा मोबदला नाही, ते कर किंवा उपकराच्या जातीचं आहे. त्याचा दर नियामक प्राधिकरणाने ठरवायला हवा होता, केवळ सरकारी पत्रावर अशी वसुली करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट झालं. पुढे नियामकाची मंजुरी घेऊन हे शुल्क पुन्हा आकारलं गेलं, पण एक मुद्दा कायमचा नोंदला गेला. नाव शुल्काचं असलं तरी ज्याच्याकडून सक्तीने घेतलं जातं, त्याला हिशेब विचारायचा हक्क आहे.

हा हक्क वापरायचा तर आधी तिकीट वाचायला हवं.

मुंबईहून नागपूरला किंवा दिल्लीला निघालेल्या प्रवाशाच्या तिकिटावर मूळ भाड्याखाली चार-पाच ओळी असतात. पहिली जीएसटीची. इकॉनॉमी वर्गाला ५ टक्के. बिझनेस आणि त्यावरच्या वर्गांना आधी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. दुसरी ओळ विमानवाहतूक सुरक्षा शुल्काची. देशांतर्गत प्रवासासाठी ते २०० रुपये आहे, त्यावर पुन्हा जीएसटी लागून तिकिटावर २३६ दिसतात. विमानतळावर तपासणी करणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांचा खर्च यातून भागतो. तिसरी ओळ विमानतळ वापर शुल्काची, म्हणजे यूडीएफची. मुंबईत मे २०२५ पासून देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशाला १७५ रुपये आणि उतरणाऱ्यालाही ७५ रुपये ठरले. नवी मुंबईचा नवा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हा सुरुवातीचा दर होता निघताना ६२० आणि उतरताना २७०. एकाच महानगरातले हे दोन विमानतळ, पण शुल्कातला फरक साडेतीन पट. अंधेरीहून निघावं की उलव्याहून, हा प्रश्न पनवेलच्या किंवा ठाण्याच्या कुटुंबासाठी केवळ टॅक्सीच्या भाड्याचा उरलेला नाही.

याच रकान्यात कधी कधी इंधन अधिभारही दिसतो. तो सरकारचा नव्हे, विमान कंपनीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने अंतरानुसार ३०० ते १००० रुपये इंधन अधिभार लावला आणि जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला काढून घेतला. 'टॅक्स आणि फी' अशा एकाच शीर्षकाखाली सरकारचा कर, विमानतळाचं शुल्क आणि कंपनीची स्वतःची आकारणी एकत्र दाखवली की कोणाला जबाबदार धरायचं हेच कळेनासं होतं. ही सरमिसळ थांबायला हवी.

ठोक रकमेच्या शुल्कांचा आणखी एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. २०० रुपये सुरक्षा शुल्क १८,००० रुपयांच्या तिकिटावर एका टक्क्याच्या आसपास पडतं, पण महिनाभर आधी घाई करून काढलेल्या १,८०० रुपयांच्या तिकिटावर ११ टक्क्यांहून जास्त. जवळचा आणि स्वस्तातला प्रवास करणाऱ्यावर भार अधिक.

भारतात हे सगळं नवीन नाही. परदेश प्रवास कर १९७९ पासून होता, देशांतर्गत विमान प्रवास कर १९८९ पासून. विमानाने जाणारा तो श्रीमंत, हे तेव्हाचं गृहीतक. जानेवारी २००४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी देशांतर्गत १५ टक्के कर आणि परदेश प्रवासावरचा ५०० रुपयांचा कर, दोन्ही रद्द केले. स्वस्त भाड्याच्या कंपन्या तेव्हा नुकत्या उभ्या राहत होत्या. पण जुलै २०१० मध्ये सेवा कर आला आणि इकॉनॉमी वर्गासाठी त्याची कमाल मर्यादा ठरली देशात १०० रुपये, परदेशासाठी ५०० रुपये. म्हणजे सहा वर्षांपूर्वी निरोप दिलेला ५०० चा आकडा वेगळ्या नावाने परत आला.

हे झाले दिसणारे कर. सर्वांत जड कर मात्र तिकिटावर दिसतच नाही. तो विमानाच्या इंधनात असतो.

विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, पेट्रोल-डिझेलप्रमाणेच जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्र उत्पादन शुल्क घेतं आणि राज्य व्हॅट. भारतीय विमान कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा ढोबळमानाने ४० टक्के धरला जातो, त्यामुळे या करातला थोडा बदलही भाड्यापर्यंत पोचतो. मुंबई आणि पुण्यात अनेक वर्षं हा व्हॅट २५ टक्के होता. समजा, इंधनाची मूळ किंमत १०० रुपये आहे. त्यावर ११ टक्के उत्पादन शुल्क धरलं की झाले १११. राज्याचा व्हॅट या १११ वर लागतो, १०० वर नाही. म्हणजे करावर कर. २५ टक्क्यांनी किंमत होते १३८ रुपये ७५ पैसे. आंतरराष्ट्रीय बाजारात तेल महागलं की हा कर कोणताही नवा निर्णय न होता आपोआप वाढतो. पुढे हा सगळा खर्च भाड्यात जातो आणि त्या भाड्यावर प्रवासी ५ टक्के जीएसटी भरतो. इंधनावर भरलेल्या व्हॅटची वजावट कंपनीला जीएसटीत मिळत नाही. एकाच लिटरवर तीनदा कर, आणि तिकिटावर त्यातली एकही ओळ स्वतंत्र नाही.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात देवेंद्र फडणवीस यांनी बृहन्मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा दर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. बेंगळुरू आणि गोव्याशी बरोबरी साधणं हे त्यामागचं कारण होतं, आणि ते व्यावहारिक होतं. कारण विमानाला टाकी कुठे भरायची याची मुभा असते. ज्या राज्यात इंधन महाग, तिथे जेमतेम भरायचं. जिथे स्वस्त, तिथून परतीचंही सोबत न्यायचं. वैमानिक आणि कंपन्यांच्या भाषेत याला टँकरिंग म्हणतात. जादा इंधन म्हणजे जादा वजन, आणि ते वजन हवेत वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन जळतं. दोन राज्यांच्या करांतला फरक भरून काढण्यासाठी आकाशात विनाकारण धूर सोडला जातो. राज्याची तिजोरीही रिकामीच राहते, कारण विक्रीच दुसऱ्या राज्यात होते.

मग एटीएफ जीएसटीत का येत नाही? डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत हा विषय आला आणि राज्यांनी नकार दिला. पेट्रोल, डिझेल आणि एटीएफवरचे कर हे राज्यांच्या हातात उरलेले मोजके कर आहेत. त्यातला एक सोडला की दुसऱ्याची पाळी येईल, ही भीती खरी आहे. तरीही प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर हा नकार परवडणारा नाही.

जगात चित्र याच्या उलट दिसतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर कर जवळजवळ नाहीच. १९४४ च्या शिकागो करारानुसार दुसऱ्या देशात उतरलेल्या विमानातल्या इंधनाला करमाफी आहे आणि देशादेशांमधल्या हवाई करारांनी ही सवलत पुढे आणखी रुंदावली. म्हणून युरोपातल्या सरकारांनी इंधन सोडून प्रवाशावर बोट ठेवलं.

ब्रिटनचा हवाई प्रवासी कर नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाला तेव्हा तो ब्रिटन आणि युरोपासाठी ५ पौंड आणि इतरत्र १० पौंड होता. लंडन ते मुंबई इकॉनॉमीने जाणाऱ्या प्रौढ प्रवाशासाठी तो २०२५-२६ साठी ९० पौंड आणि एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड ठरला. इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना माफी आहे, आणि तीही २०१५ व २०१६ मध्ये टप्प्याटप्प्याने आली. लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमहून गणपतीला घरी येणारी मराठी कुटुंबं हा कर भरतात. वाटेत ॲमस्टरडॅम किंवा दुबईत विमान बदलूनही तो टळत नाही, कारण एकाच सलग तिकिटावर अखेरचा मुक्काम मोजला जातो. आणि तो फक्त ब्रिटनमधून निघताना लागतो. मुंबईहून लंडनला जाताना नाही. या कराचं उत्पन्न सरळ सरकारी तिजोरीत जातं, पर्यावरणासाठी राखून ठेवलेलं नसतं.

त्याच ब्रिटनमध्ये २००९ नंतर अंतराचे टप्पे आले आणि अंतर मोजलं गेलं ते लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंत. परिणाम असा की वॉशिंग्टन जवळ असल्याने लॉस एंजेलिसला जाणारा कमी कर भरी आणि त्याहून बराच जवळ असलेल्या बार्बाडोसला जाणारा जास्त. कॅरिबियन देशांनी वर्षानुवर्षं तक्रार केली आणि २०१५ मध्ये लांबचे टप्पे एकत्र करावे लागले.

नेदरलँड्सचा अनुभव याहून बोलका आहे. १ जुलै २००८ पासून तिथे जवळच्या प्रवासाला ११.२५ युरो आणि दूरच्या प्रवासाला ४५ युरो कर लागला. देश लहान, सीमा मोकळी, महामार्ग उत्तम. ज्या डच कुटुंबाला सुटीसाठी स्पेनला जायचं होतं त्याने गाडी काढली आणि सीमेपलीकडच्या जर्मनीतल्या वेझे किंवा ड्युसेलडॉर्फ विमानतळाचा रस्ता धरला. काही जण ब्रसेल्सला गेले. वेझे हा एकेकाळचा ब्रिटिश हवाई दलाचा तळ, सीमेला जवळजवळ लागून असलेला, आणि तिथे डच क्रमांकाच्या गाड्यांची गर्दी वाढली. एका वर्षात, १ जुलै २००९ ला, सरकारने दर शून्यावर आणला. पुढे २०११ मध्ये जर्मनीनेही कर लावला, आणि नेदरलँड्सने २०२१ मध्ये तो परत आणला; २०२३ मध्ये २६.४३ युरो केला. शेजाऱ्यानेही कर लावला की प्रवाशाला पळायला जागा कमी उरते, हा धडा दोन्ही देशांना मिळाला. दुसरीकडे स्वीडनने २०१८ मध्ये लावलेला कर जुलै २०२५ मध्ये रद्द केला, तर त्याच वर्षी जानेवारीत शेजारच्या डेन्मार्कने नवा कर लावला. या दोन देशांमध्ये फक्त एक पूल आहे.

फ्रान्सने २००६ मध्ये वेगळी वाट धरली. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्या पुढाकाराने तिकिटावर एकता कर आला, आणि त्यातला पैसा युनिटएड या संस्थेमार्फत एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियाच्या औषधांसाठी जाऊ लागला. पैसा कुठे जातो ते नावानिशी सांगता येतं, हे या कराचं मोठं बळ.

भारतातही असा हेतू ठेवून एक आकारणी झाली. डिसेंबर २०१६ पासून मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणामागे अंतरानुसार ७,५०० ते ८,५०० रुपये घेऊन 'उडान' योजनेसाठी निधी उभा राहू लागला. कंपन्यांनी तो प्रवाशांकडून माणशी ५० रुपयांच्या आसपास वसूल केला. मुंबई-दिल्ली प्रवाशाच्या पैशावर लहान गावाला विमान मिळावं ही कल्पना उत्तम होती. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्लीबरोबर ज्या पहिल्या मार्गांचा प्रारंभ झाला, त्यात नांदेड-हैदराबादही होता. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे आणि मराठवाड्यातले रुग्ण, दोघांसाठी तो उपयोगी होता. पण तो चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली मुंबई सेवा योजनेची तीन वर्षं संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली.

ही दोन उदाहरणं अपवाद नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये 'उडान'वर कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग होते फक्त ५४, म्हणजे दिलेल्या मार्गांच्या सात टक्के. ज्या प्रवाशांनी पन्नास-पन्नास रुपये भरले, त्यांना हा हिशेब दरवर्षी, मार्गनिहाय, सरकारने स्वतःहून द्यायला हवा. कॅगची वाट पाहायला लागू नये.

तोवर प्रवाशाच्या हातात एक गोष्ट आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार तिकीट रद्द केलं किंवा विमान चुकलं, तर सरकारी कर, विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क परत करणं देशातल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. ऑफरमधलं, 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं तिकीट असलं तरीही. कारण प्रवासच झाला नाही तर विमानतळ वापरला गेला नाही आणि तपासणीही झाली नाही. अनेक जण मूळ भाडं बुडालं म्हणजे सगळंच बुडालं असं समजून गप्प बसतात. पुढच्या वेळी विमान चुकलं तर कंपनीकडे या रकमेची लेखी मागणी करा, आणि दाद मिळाली नाही तर 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार नोंदवा.