एका वाड्यातली बिऱ्हाडे

संगणकाची स्मृती हा एक वाडा आणि त्यातले प्रोग्रॅम ही बिऱ्हाडे, असे समजा. आरंभीच्या बहुतेक घरगुती संगणकांत ह्या बिऱ्हाडांमध्ये भिंतीच नव्हत्या. एकाने चुकून दुसऱ्याच्या फडताळात हात घातला की सारा कारभार ठप्प होई, आणि तासाभराचे लेखन क्षणात नाहीसे होई!

१९८५ साली इंटेल कंपनीने ‘८०३८६’ हा मायक्रोप्रोसेसर आणला. नखाएवढ्या चकतीवर २,७५,००० ट्रान्झिस्टर, आणि स्मृतीची राखण करणारा कारभारी त्यांतच बसवलेला. स्मृतीची ४,०९६ बाइटांची एकेक खोली कोणाची, हे वहीत पाहूनच तो आत सोडतो. परक्या खोलीत शिरणाऱ्याला दारातच अडवतो.

१९९१ च्या जानेवारीत हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने असा संगणक घरी आणला. त्याचे अंतरंग जाणून घेण्याच्या हौसेतूनच ‘लिनक्स’ जन्मले. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. त्यात बँकेचा व्यवहार आणि मुलांचा खेळ शेजारी शेजारी नांदतात, ते अशाच कारभाऱ्याच्या भरवशावर. एका बिऱ्हाडाचे भांडे फुटले, तरी शेजारची चूल पेटतीच राहते.