कमांड गेली, पण काम झालं का? एपीआय क्लायंटला वेबसॉकेट जोडण्याआधी एवढं समजून घ्या

महिन्याच्या भाड्यावर सॉफ्टवेअर देण्याच्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला, त्यानंतर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. "सर, डेव्हलपर म्हणतो एपीआय क्लायंटला वेबसॉकेट सपोर्ट घालावा लागेल. आठ दिवसांचे पैसे मागतोय. हे खरंच लागतं, की आपल्याला कळत नाही म्हणून काहीतरी सांगतोय?"

खरंच लागतं. पण हे काम अर्धं केलं तर न केल्यापेक्षा वाईट. ते कसं, हे आधी एका अनुभवातून बघू.

हिरवी खूण आणि रिकामी फाइल

आपल्या एका बॅचमधल्या ताई खासगी क्लासेसना फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर देतात. ग्राहक चौदा. प्रत्येक ग्राहकाचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर वेगळ्या कंटेनरमध्ये. ऑफिसात दहा जणांचे जेवणाचे डबे एकाच टेबलावर असतात, पण कुणाची भाजी कुणाच्या डब्यात जात नाही, तसं. हे सगळे कंटेनर सांभाळायला कुबरनेटिस.

ताईंच्या स्क्रीनवर प्रत्येक ग्राहकापुढे 'बॅकअप घ्या' असं बटण होतं. बटण दाबलं की त्या ग्राहकाच्या कंटेनरमध्ये बॅकअपची कमांड चालायची आणि हिरवी खूण यायची. ताई रोज रात्री चौदा बटणं दाबायच्या, चौदा हिरव्या खुणा बघायच्या आणि झोपायला जायच्या.

एके दिवशी एका क्लासमधून फोन आला. कुणीतरी चुकून वर्षभराच्या फीच्या नोंदी उडवल्या होत्या. ताई म्हणाल्या, काळजी करू नका, कालचाच बॅकअप आहे. फाइल उघडली, तर शून्य बाइट. परवाची उघडली, तीही शून्य. सहा आठवड्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपच्या कमांडमध्ये जुनाच राहिला होता. कमांड रोज नापास होत होती, आणि हिरवी खूण रोज येत होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा!

चार रात्री जागून पावतीपुस्तकांवरून नोंदी पुन्हा भरल्या. ग्राहक टिकला. पण "तुमच्याकडे बॅकअप असतो ना?" हा प्रश्न त्यानंतर तो दर महिन्याला विचारतो.

गंमत म्हणजे ताईंच्या डेव्हलपरने वेबसॉकेट घातलं होतं. फक्त अर्धं घातलं होतं. कुठे चुकलं ते आता पायरी पायरीने बघू.

क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

सॉफ्टवेअरच्या भाषेत एपीआय क्लायंट म्हणजे आपल्या वतीने सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम. दुकानातून गोडाऊनला निरोप घेऊन जाणारा पोऱ्या समजा. तुम्ही बटण दाबता, पोऱ्या निरोप नेतो, उत्तर आणतो.

नेहमीच्या एचटीटीपी पद्धतीत हा पोऱ्या एक प्रश्न विचारतो, एक उत्तर घेतो आणि परत येतो. "किती कंटेनर चालू आहेत?" "चौदा." विषय संपला. यादी आणायला, नोंद टाकायला एवढं पुरतं.

पण दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणं म्हणजे एक प्रश्न आणि एक उत्तर नाही. गोडाऊनमधल्या माणसाला "सगळी पोती मोज" म्हटलं तर तो मोजत जातो, मध्येच म्हणतो "शेठ, हे फाटलंय, काय करू?", तुम्ही काहीतरी सांगता, तो पुढे मोजतो आणि शेवटी सांगतो की काम झालं किंवा नाही झालं. त्यासाठी फोन चालू ठेवावा लागतो. हा चालू ठेवलेला फोन म्हणजे वेबसॉकेट.

म्हणूनच कुबरनेटिसच्या पायथन क्लायंटमधून कंटेनरमध्ये कमांड चालवायचा साधा प्रयत्न केला तर सर्व्हर ४०० क्रमांकाची चूक परत पाठवतो. अर्थ एवढाच की बाबा, साध्या निरोपाने हे होणार नाही, लाइन बदलून ये. तेव्हा तुमचा डेव्हलपर खोटं बोलत नाहीये.

लाइन बदलते कशी?

वेबसॉकेटचं प्रमाण डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या नावाने प्रसिद्ध झालं. पद्धत साधी आहे. क्लायंट आधी नेहमीसारखी एचटीटीपी विनंती पाठवतो आणि तिच्यातच म्हणतो, "आता इथून पुढे वेबसॉकेटवर बोलू या." सर्व्हर १०१ क्रमांकाचं उत्तर देतो, म्हणजे कबूल. त्यानंतर तेच कनेक्शन उघडं राहतं आणि दोन्ही बाजू वाटेल तेव्हा बोलू शकतात. वेबसाइटसाठी जे पोर्ट असतं, तेच इथेही चालतं. त्यामुळे बहुतेक ऑफिसांत वेगळा दरवाजा उघडून मागावा लागत नाही.

कुबरनेटिसमध्ये याच कामासाठी सुरुवातीपासून स्पीडी नावाची गूगलची पद्धत होती. पुढे २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं आणि गूगलने स्पीडी सोडून दिली. कुबरनेटिसमध्ये ती राहिली. परिणाम काय? मधले अनेक प्रॉक्सी आणि लोड बॅलन्सर ती भाषा समजेनात, आणि कमांड वाटेतच अडू लागली. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या १.३१ आवृत्तीपासून कुबरनेटिसची स्वतःची कमांडलाइनही आपणहून वेबसॉकेट वापरू लागली.

धंद्याच्या दृष्टीने यातला धडा असा की कुठलाही जोड घालून घेताना "हे सर्वमान्य प्रमाण आहे का?" एवढं विचारा. ज्या वाटेवरून सगळे जातात तिची डागडुजीही होत राहते.

एकाच तारेवर पाच आवाज

आता मुख्य मुद्दा. ताईंचा घोळ इथेच झाला.

या उघड्या लाइनवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक क्रमांक असतो. कोण बोलतंय ते त्यावरून कळतं. कुबरनेटिसमध्ये हे क्रमांक असे आहेत:

० – आपण आत पाठवतो तो मजकूर
१ – कमांडचं नेहमीचं उत्तर
२ – कमांडची तक्रार, म्हणजे चुकांचे संदेश
३ – शेवटचा निकाल: पास की नापास
४ – स्क्रीनची लांबी-रुंदी बदलल्याची खबर

ताईंच्या डेव्हलपरने १ क्रमांक वाचला आणि बाकीचे सोडून दिले. बॅकअपच्या कमांडचं उत्तर थेट फाइलमध्ये जात होतं, त्यामुळे १ वर तसंही काही येत नव्हतं. "पासवर्ड चुकला" ही तक्रार २ वर येत होती. "नापास" हा निकाल ३ वर येत होता. दोन्हीकडे कुणी कान दिला नाही. लाइन नीट उघडली, नीट बंद झाली, म्हणून प्रोग्रॅमने हिरवी खूण दिली.

गोडाऊनमधला माणूस रोज ओरडून सांगत होता "शेठ, कुलूपच उघडत नाहीये", आणि आपण फोन लागला एवढ्यावरच खूश होतो.

हिरवी खूण फक्त ३ क्रमांकावर 'सक्सेस' आलं तरच द्यायची. २ वर काही आलं म्हणून लगेच लाल करायचं नाही, कारण कित्येक कमांड साध्या सूचनाही तिथेच लिहितात. निकाल ३ वरच बघायचा.

इथे अजून एक खाचखळगा आहे. बॅकअप घेऊन तो त्याच ओळीत पाइप लावून झिप केला, तर शेल साधारणपणे शेवटच्या म्हणजे झिपच्या कमांडचा निकाल सांगतं. बॅकअप फसला तरी झिप पास, म्हणून सगळं पास! शेलला 'पाइपफेल' ची सूचना दिली की ही पळवाट बंद होते. डेव्हलपरला हा एक शब्द सांगा, त्याला कळेल.

तिसरा रंग पिवळा

समजा कमांड चालू असताना नेट गेलं. ३ क्रमांकाचा निकाल आलाच नाही. आता हिरवा दाखवायचा की लाल?

दोन्ही चूक. कमांड आत अजून चालू असेल, पूर्ण झाली असेल किंवा मध्येच मेली असेल. आपल्याला माहीत नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला तिसरा रंग लागतो. पिवळा म्हणजे "निकाल कळला नाही, आत जाऊन बघा".

हे एवढं का ताणतोय? कारण लाल दिसला की माणूस बटण पुन्हा दाबतो. बॅकअप दोनदा घेतला तर बिघडत नाही. पण 'सगळ्या पालकांना फीचा मेसेज पाठवा' ही कमांड दोनदा गेली तर? पालकांचे फोन तुमच्या ग्राहकाला, आणि ग्राहकाचा तुम्हाला. म्हणून कमांडची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: दोनदा चालली तर चालेल, की नाही? ज्यांच्यापुढे 'नाही' येईल त्यांचं बटण पिवळ्यावर बंदच राहिलं पाहिजे.

गप्प लाइन कापली जाते

मोठा बॅकअप तीन-चार मिनिटं काहीच बोलत नाही. मधल्या सर्व्हरला वाटतं दोघंही गेले, आणि तो लाइन कापतो. एनजिनएक्समध्ये ही मुदत न बदलल्यास ६० सेकंद असते. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्येही सुरुवातीची मुदत ६० सेकंदच आहे. छोट्या ग्राहकाचा बॅकअप पास आणि मोठ्या ग्राहकाचा नेहमी अर्धवट, असं दिसलं तर आधी इथे बघा.

उपाय दोन. मुदत वाढवायची आणि मधून मधून 'पिंग' पाठवायचं, म्हणजे फोनवर "ऐकतोय, ऐकतोय" म्हणत राहायचं. वेबसॉकेटमध्ये त्याची सोय मुळातच आहे. दुसरा उपाय जास्त पक्का: खूप लांबणारं काम उघड्या लाइनवर चालवायचंच नाही. कुबरनेटिसला ते 'जॉब' म्हणून सोपवायचं आणि नंतर निकाल विचारायचा.

किल्ली कुणाकडे?

दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये कमांड चालवण्याची परवानगी म्हणजे घराची किल्ली. नोंदी नुसत्या बघण्याची परवानगी वेगळी आणि ही वेगळी.

इथे वेबसॉकेटची एक खोच आहे. त्याची सुरुवात 'गेट' विनंतीने होते, आणि गेट म्हणजे साधारणपणे 'फक्त वाचणे'. त्यामुळे कुबरनेटिसच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये कमांड चालवण्याच्या सोयीवर नुसती 'गेट' परवानगी असलेला माणूसही वेबसॉकेटमधून कमांड चालवू शकतो. कागदावर तो वाचणारा, प्रत्यक्षात करणारा. सपोर्टला ठेवलेल्या नव्या मुलाला 'फक्त बघायला' म्हणून दिलेली परवानगी एकदा तपासून घ्या.

आणि ग्राहकाने फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा कमांडमध्ये घालू नका. नावाच्या जागी कुणी कमांडच लिहून पाठवली तर तीही चालेल. कुणी, कधी, कोणत्या कंटेनरमध्ये काय चालवलं याची नोंद ठेवा. वाद झाला तर तीच तुमची साक्षीदार.

शेवटचा हप्ता देण्याआधीच्या चार चाचण्या

कोड वाचता येत नाही म्हणून मालकाने गप्प बसायचं नसतं. डेव्हलपरला शेजारी बसवा आणि हे करून बघा:

१. मुद्दाम चुकीची कमांड चालवा. लाल आला पाहिजे आणि चुकीचा संदेश दिसला पाहिजे.
२. पाच मिनिटं गप्प बसणारी कमांड चालवा. 'स्लीप ३००' पुरे. शेवटी हिरवा आला पाहिजे.
३. कमांड चालू असताना नेट बंद करा. पिवळा आला पाहिजे. हिरवा आला तर काम अपुरं आहे.
४. 'फक्त बघणाऱ्या' माणसाच्या लॉगिनने कमांड चालवून बघा. नकार आला पाहिजे.

चारही पास झाल्या की हप्ता द्या, आनंदाने द्या. आठ दिवसांचे पैसे वसूल आहेत.

ताईंनी आता काय केलं? तीन रंग आले, परवानग्या आवळल्या. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या एका ग्राहकाचा बॅकअप उघडून, वेगळ्या जागी भरून बघतात. हिरवी खूण असली तरी. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, आणि ग्राहकाच्या डेटाच्या बाबतीत ते योग्यच आहे.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात "झालं" असं सांगणारी जी जी बटणं, मेसेज किंवा माणसं आहेत, त्यांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, हा "झालं" कशाच्या जोरावर म्हणतो? निरोप पोचला म्हणून, की काम तपासलं म्हणून? ज्यांच्यापुढे 'निरोप पोचला' येईल, सोमवारी कामाची सुरुवात तिथून करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.