तीस खुर्च्यांची सवलत: धूम्रपानबंदीतली पळवाट नेमकी कुणासाठी?

आमच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा संध्याकाळी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात कामाला जातो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो सिगारेट ओढत नाही, घरातही कुणी विडी ओढत नाही. तरी रात्री घरी आला की त्याच्या शर्टाला धुराचा वास असतो आणि आई संशयाने बघते. हॉटेलात काचेची एक ‘स्मोकिंग रूम’ आहे. तिथले ॲश-ट्रे रिकामे करणे आणि फरशी पुसणे हे त्याचे काम. एकदा त्याने मला विचारले, “ताई, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे ना? मग ती खोली कशी चालते?”

प्रश्न साधा आहे. उत्तर शोधताना मात्र कायदा कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, हेही कळते. म्हणून हा विषय आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवा.

बंदी आली कशी?

मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला. रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने इथे धूम्रपानाला बंदी घालण्यात आली. आधार होता संविधानाचे कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क. जो धूम्रपान करत नाही, त्याने दुसऱ्याच्या धुराची शिक्षा का भोगावी, हा त्यामागचा विचार. त्या यादीत हॉटेले आणि उपाहारगृहे नव्हती.

पुढे संसदेने २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा केला. त्यालाच आपण ‘कोटपा’ म्हणतो. त्याच्या कलम ४ ने सर्व सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद केले. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. त्यात कार्यालये, कारखाने, पब, बार असे बरेच काही आले. बस थांबा, रेल्वे स्थानक आणि स्टेडियम यांना ‘मोकळी जागा’ म्हणून सूट नाही, हेही स्पष्ट झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. ठिकाणाच्या मालकाने किंवा व्यवस्थापकाने धूम्रपान रोखले नाही, तर तोही दंडास पात्र.

मग सवलत कुठे आहे?

सवलत त्याच कलम ४ च्या परंतुकात आहे. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक लोकांची बसण्याची सोय असलेले उपाहारगृह आणि विमानतळ इथे धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते.

२००८ च्या नियमांनी त्या जागेला अटी घातल्या. जमिनीपासून छतापर्यंत भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारे हवे. आतली हवा थेट इमारतीबाहेर जायला हवी, इतर भागात मिसळता कामा नये. ही खोली प्रवेशाच्या किंवा बाहेर जाण्याच्या दाराजवळ नको. शिवाय तिथे फक्त धूम्रपान करता येईल, खाणेपिणे किंवा दुसरी कोणतीही सेवा देता येणार नाही.

आता ही यादी पुन्हा वाचा. वीस खुर्च्यांच्या खानावळीला सवलत नाही. एसटी स्टँडवर विडी ओढणाऱ्या हमालाला तर नाहीच नाही. सवलत आहे ती मोठ्या हॉटेलात बसणाऱ्याला आणि विमानाने जाणाऱ्याला. धूर दोघांचा सारखाच घातक, पण एकाला दंडाची पावती मिळते आणि दुसऱ्याला वातानुकूलित खोली.

मुंबईतला वाद

या पळवाटेतून काय काय आत येऊ शकते, हे मुंबईने पाहिले आहे. महापालिकेने उपाहारगृहांच्या परवान्यात अटी घालून हुक्क्याला मनाई केली होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या अटी मान्य केल्या. पण डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. केंद्राचा कायदाच धूम्रपान कक्षाला परवानगी देतो, तर महापालिका परवान्याच्या अटींतून त्याहून पुढे जाऊ शकत नाही, असा तो मुद्दा होता. म्हणजे परंतुकातल्या एका वाक्यापुढे शहराची मनाई टिकली नाही.

केंद्राने २०१७ मध्ये नियम दुरुस्त करून धूम्रपान कक्षात कोणतीही सेवा देता येणार नाही, हे आणखी ठामपणे सांगितले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिल परिसरात आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या कोळशातून उडालेल्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कोटपात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. एक ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड, अशी शिक्षा ठरली. हुक्का गेला, पण सिगारेटच्या खोलीची सवलत तशीच राहिली.

सवलतीच्या बाजूने काय सांगितले जाते?

पहिला मुद्दा व्यक्तिस्वातंत्र्याचा. प्रौढ माणसाने बंद खोलीत काय करावे, हा त्याचा प्रश्न. हे ऐकायला बरोबर वाटते. पण ती खोली स्वतःहून स्वच्छ होत नाही. ‘सेवा देऊ नये’ असा नियम आहे, तरी रात्री कुणीतरी आत जाऊन थोटके उचलतोच. त्याच्या स्वातंत्र्याचे काय?

दुसरा मुद्दा यंत्रणेचा. चांगला पंखा लावला की झाले, असे म्हणतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने हे खोडून काढले आहे. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही पातळी सुरक्षित नाही आणि वेगळी बैठक किंवा वायुवीजन यांनी धोका पूर्ण जात नाही, असे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात, आणि भारताने तो करार २००४ मध्येच स्वीकारला आहे.

तिसरा मुद्दा रोजगाराचा. गिऱ्हाईक तुटेल, हॉटेलातली पोरे घरी बसतील. ही भीती आपल्या वस्तीत लगेच पटते, कारण ती पोरे आपलीच असतात. पण आकडे बघा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते. शंभरात चारसुद्धा नाहीत. आयर्लंडने २००४ मध्ये पबसह कामाच्या जागा धूरमुक्त केल्या. स्पेनने २००६ मध्ये लहान बारमालकांना निवड दिली, तेव्हा बहुतेकांनी धूम्रपान चालूच ठेवले. शेवटी २०११ मध्ये तिथे ही सवलत काढावी लागली. आकारावरून सवलत दिली की बंदी पोकळ होते, हा त्यातला धडा आहे.

हा आपला प्रश्न का?

विहारात हा विषय निघाला की चर्चा पाचव्या शीलावर जाते. तंबाखू मादक पदार्थात धरायची की नाही? माझ्या मते सार्वजनिक धुराचा प्रश्न त्याआधी पहिल्या शीलाचा आहे. इथे मुद्दा माझ्या व्यसनाचा नाही, दुसऱ्या जीवाला होणाऱ्या इजेचा आहे.

आणि तो कामगाराचा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. कामाचे तास मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बांधायचे, ही त्यांची भूमिका होती. कामाच्या जागेची हवासुद्धा मर्जीवर सोडता येत नाही.

केंद्र सरकारने २०२० च्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात हॉटेल-उपाहारगृहांतील ही सवलत काढण्याचे सुचवले होते. तो मसुदा कायद्यात उतरला नाही. ती मागणी पुन्हा लावून धरायला हवी.

आज काय करता येईल?

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचे कुणी हॉटेलात कामाला असेल, तर चार गोष्टी तपासा. भिंती छतापर्यंत आहेत का? दार आपोआप बंद होते का? धूर थेट बाहेर जातो का? आत खाणेपिणे दिले जाते का? एकही अट मोडली असेल, तर तक्रार करता येते. काम करणाऱ्या पोराला एकट्याने पुढे करू नका, नोकरी त्याची जाते. मंडळाच्या किंवा संघटनेच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नाक्यावर विडी ओढणाऱ्या काकांना दंडाची भीती घालण्याआधी त्यांच्याशी बोला. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. तो विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फलकावर लिहून ठेवा.

त्या मुलाला मी कायदा समजावून सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे कायद्यात खुर्च्या मोजल्यात, आम्हाला मोजलंच नाही.” पुढच्या दुरुस्तीत मोजणी त्याच्यापासून सुरू व्हायला हवी.